‘ही’ या निपाताचा तौलनिक विचार

१

‘मीही येतो’, ‘एकही आला नाही’, ‘पाचही बोटे सारखी नसतात’, ‘कोणीही यावे’, ‘सांगूनही ऐकले नाही’ या पाच वाक्यांत एकच अव्यय आलेले आहे. ‘ही मुलगी’ या प्रयोगातील दर्शक सर्वनामाशी त्याचा संबंध नाही. शब्दकोशात त्याच्यापुढे सामान्यतः अर्थांची एक यादी असते : ‘आणखी’, ‘देखील’, ‘सुद्धा’, ‘झाडून सर्व’, ‘असे असताना’. यादी चुकीची नाही; परंतु हे सारे अर्थ एकाच अव्ययाच्या वाट्याला का यावेत, याचे उत्तर तीत सापडत नाही. व्याकरणात त्याची गणना ‘च’, ‘मात्र’, ‘देखील’, ‘सुद्धा’ यांच्याबरोबर शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते. या अव्ययांमागे नामाचे सामान्यरूप होत नाही, एवढे लक्षण सांगून शालेय व्याकरण थांबते.

तुलनेच्या क्षेत्रात याच्या उलट टोकाची सवय दिसते. संस्कृत ‘अपि’, हिंदी ‘भी’, कन्नड ‘-ऊ’, तमिळ ‘-उम्’ या सर्वांच्या अर्थांची यादी जवळजवळ एकच आहे असे दिसले, की तेवढ्यावरून आर्य व द्राविड भाषांच्या परस्परसंपर्काचा निर्णय दिला जातो. मराठीच्या बाबतीत तर हा निर्णय अधिकच सहज दिला जातो. कारण मराठी दोन भाषाकुलांच्या सीमेवर वाढलेली भाषा आहे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्या उगमाशीच भाषासंकराची प्रक्रिया असावी असा पक्ष मांडला, तेव्हापासून मराठीतील प्रत्येक दक्षिणी साम्य हे त्या पक्षाचे प्रमाण म्हणून पुढे करण्याचा मोह अभ्यासकांना होत आला आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या दोन्ही सवयींच्या मुळाशी एकच दोष आहे. अर्थांची यादी हेच निपाताचे स्वरूप होय, असे दोन्हीकडे गृहीत धरले जाते. वस्तुतः निपाताचा व्यापार एक असून यादी हे त्याचे फळ आहे. असे असल्यामुळे याद्यांचे साम्य संपर्काचे प्रमाण होऊ शकत नाही. प्रमाण शोधावयाचे तर निपात कोठे बसतो, कोठे अनिवार्य असतो आणि कोठे वर्ज्य असतो, हे पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास दक्षिणेकडील भाषांशी मराठीचे नाते खरेच दिसते. मात्र ते बहुतांशी ‘ही’मध्ये नसून त्याच्या शेजारच्या एका अव्ययात आहे.

२

प्रथम मराठीतील प्रयोग पाहू. ‘ही’ विभक्तिप्रत्ययाच्या मागाहून लागतो : ‘रामालाही’, ‘घरातही’, ‘त्याच्याशीही’. तो नामाला लागतो, सर्वनामाला लागतो, धातुसाधिताला लागतो. प्रसंगी आख्यातालाही लागतो, जसे ‘आला आणि गेलाही’. ज्या पदाला तो लागतो ते बदलले की वाक्याचा आशय बदलतो. ‘पाच मुलांनाही खाऊ मिळाला’ आणि ‘पाचही मुलांना खाऊ मिळाला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात इतर कोणाला खाऊ मिळाला असून त्यांत या पाच मुलांची भर पडली आहे. दुसऱ्यात इतरांचा प्रश्नच नाही. मुले पाच आहेत आणि त्यांपैकी एकही वगळलेले नाही. शब्द तेच, अव्यय तेच. फक्त स्थान निराळे. शब्दकोशाची यादी येथे निरुपयोगी ठरते, कारण कोणत्या जागी कोणता अर्थ घ्यावा हे यादी सांगू शकत नाही.

‘देखील’ आणि ‘सुद्धा’ यांना ‘ही’चे पर्याय मानले जाते. ते केवळ अर्धसत्य आहे. ‘मीसुद्धा येतो’ हे ‘मीही येतो’च्या जागी चालते, पण ‘पाचसुद्धा मुले’ म्हटल्याने ‘झाडून पाच’ असा बोध होत नाही. ‘पाचदेखील मुले आली नाहीत’ याचा अर्थ पाच इतकी अल्प संख्यासुद्धा भरली नाही असा होतो. साकल्याचा बोध करून देण्याचे सामर्थ्य ‘ही’मध्ये आहे, त्याच्या तथाकथित पर्यायांत नाही.

आता या प्रयोगांमागील व्यापार काय ते पाहू. ‘ही’ ज्या पदाला लागतो त्या पदाने दर्शविलेली वस्तू आपल्या वर्गात एकटी नाही, त्या वर्गातील अन्य वस्तूंसही तेच विधान लागू आहे, एवढेच तो सुचवितो. त्याच्या उलट ‘च’ हा अन्य वस्तूंचे निवारण करतो. ‘मीही येतो’ यात अन्य येणारे सूचित आहेत. ‘मीच येतो’ यात ते वारलेले आहेत. इतर अर्थ या एका व्यापारातून क्रमाने निघतात. वर्गातील वस्तू चढत्या वा उतरत्या क्रमाने मनात मांडलेल्या असल्या आणि ‘ही’ त्या क्रमाच्या टोकाला लागला, की ‘सुद्धा’चा भाव उमटतो : ‘मुंगीलाही जीव असतो.’ संख्यांच्या क्रमात सर्वांत खालचे टोक ‘एक’ होय. त्याला ‘ही’ लागून निषेध आला, की वरच्या सर्व संख्यांचा निषेध आपोआप होतो : ‘एकही आला नाही.’ निषेधावाचून ‘एकही आला’ असे आपण का म्हणत नाही, याचे उत्तरही येथेच मिळते. एक आला एवढ्याने वरच्या संख्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही, म्हणून ‘ही’ला तेथे काही कार्यच उरत नाही. ‘पाचही मुले’ यात वर्ग म्हणजे ती पाच मुलेच. त्यांतील कोणावरही थांबले तरी बाकीची सुटत नाहीत. ‘कोणीही’ यात प्रश्नार्थक सर्वनामाने जागा मोकळी ठेवलेली असते आणि ती कोणाच्याही नावाने भरली तरी विधान तेच राहील असे ‘ही’ सांगतो. ‘सांगूनही’ यात सांगणे आणि न सांगणे या दोन्ही परिस्थितींत फळ एकच, असा भाव आहे.

३

हा विचार नवा नाही; त्याची चौकट आपल्याच व्याकरणपरंपरेत आहे. यास्काने निपातांचे नाव नाना अर्थांत त्यांचे जे पडणे होते त्यावरून साधले. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील शहाण्णवाव्या सूत्रात ‘अपि’च्या संदर्भात पदार्थ, संभावना, अन्ववसर्ग, गर्हा आणि समुच्चय असे पाच अर्थ सांगितले आहेत. वरवर पाहता हीही शब्दकोशासारखी यादीच वाटते. परंतु ते सूत्र कर्मप्रवचनीयांच्या प्रकरणातील आहे. कोणत्या अर्थी ‘अपि’ला ती संज्ञा मिळावी, हे ठरविण्यापुरतीच त्या यादीची योजना आहे. यादीला प्रयोजन आहे आणि त्या प्रयोजनाच्या बाहेर ती काही सांगू पाहत नाही. आधुनिक कोशकारांनी यादी घेतली, प्रयोजन मात्र मागे सोडले.

पुढील काळात निपात वाचक की द्योतक, असा वाद वैयाकरण आणि नैयायिक यांच्यात झाला. उपसर्ग द्योतक असले तरी निपात वाचक आहेत, त्यांना स्वतःचा अर्थ आहे, असे नैयायिकांचे मत. निपात हे इतर पदांत असलेल्या अर्थाचे द्योतन करतात, दिवा जसा वस्तू निर्माण करीत नाही तर दाखवितो तसे, असा वैयाकरणांचा पक्ष. कौंडभट्टाच्या ‘वैयाकरणभूषणसारा’त निपातार्थनिर्णय हे स्वतंत्र प्रकरणच आहे. ‘ही’पुढे पाच अर्थ लिहिणारा कोशकार नकळत नैयायिकांच्या पक्षात उभा राहतो. वर मांडलेले विवेचन वैयाकरणांच्या पक्षाला जवळचे आहे : ‘पाचही’मधील साकल्य संख्येतून येते, ‘मुंगीलाही’मधील विशेष आपल्या मनातील प्राण्यांच्या क्रमातून येतो, ‘कोणीही’मधील अनिर्बंधता सर्वनामातून येते. ‘ही’ त्या त्या ठिकाणी केवळ प्रकाश टाकतो.

या पक्षाचा एक परिणाम लक्षात घेणे अगत्याचे आहे. व्यापार जर इतका साधा आणि सर्वसामान्य असेल, तर ज्या ज्या भाषेत असा समुच्चयदर्शक निपात असेल, त्या त्या भाषेत अर्थांची हीच यादी तयार होण्याचा संभव आहे. मग त्या भाषांचा परस्परांशी संबंध आलेला असो वा नसो.

४

हा संभव प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. संस्कृतात ‘सोऽपि’, ‘एकोऽपि न’, ‘त्रयोऽपि’, ‘आगत्यापि’, ‘यद्यपि’ असे प्रयोग आहेत. तमिळमध्ये ‘नानुम्’ म्हणजे मीही, ‘इरण्डुम्’ म्हणजे दोन्ही, ‘एप्पोदुम्’ म्हणजे सदैव, ‘वन्दुम्’ म्हणजे येऊनही, ‘वन्दालुम्’ म्हणजे आला तरी. कन्नडमध्ये ‘नानू’, ‘एरडू’, ‘यावागलू’, ‘बंदू’, ‘बंदरू’ ही याच क्रमाने याच अर्थांची रूपे होत. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे ही कल्पना मांडली आणि १९७४ मध्ये तिचा पुनर्विचार करताना संस्कृत ‘अपि’ व द्राविड ‘-उम्’ यांच्या प्रयोगांची जुळणी तपशिलाने दाखविली. या दोन निपातांच्या अर्थांचा सबंध संच एकच असणे हे क्षेत्रीय संपर्काचे गमक होय, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. जुळणी निर्विवाद आहे. निष्कर्षाविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे.

कारण हाच संच जपानी भाषेतील ‘मो’ या निपातातही आढळतो. ‘वाताशि मो’ म्हणजे मीही. ‘दारे मो’ निषेधासह आले तर कोणीही नाही. ‘इत्सुमो’ म्हणजे सदैव. ‘कितेमो’ म्हणजे आला तरी. जपानीच्या या व्याकरणावर द्राविड वा संस्कृत भाषेची छाप पडली असे कोणी म्हणणार नाही. पश्चिमेकडे पाहिले तर लॅटिनमधील ‘क्वे’ हा समुच्चयार्थक निपात संस्कृत ‘च’चा सगोत्र आहे. तो प्रश्नार्थक सर्वनामाला लागून ‘क्विस्क्वे’ म्हणजे प्रत्येक, आणि दोहोंविषयीच्या सर्वनामाला लागून ‘उतेर्क्वे’ म्हणजे दोघेही, असे शब्द बनले आहेत. समुच्चयातून साकल्याकडे जाणारी वाट अनेक भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळलेली आहे. एवढ्या सार्वत्रिक साम्यावर भारतातील दोन भाषाकुलांच्या संपर्काचा निर्णय उभारणे म्हणजे दोन घरांत चुली आहेत एवढ्यावरून त्या घरांचे नाते ठरविण्यासारखे आहे.

व्युत्पत्तीही येथे फारशी मदत करीत नाही. मराठी ‘ही’ रूपाने संस्कृत ‘हि’कडे बोट दाखवितो, पण अर्थाने ‘अपि’चा वारसा चालवितो. संस्कृत ‘हि’ कारण वा निश्चय दाखवितो, समुच्चय नव्हे. ‘अपि’ प्राकृतात ‘पि’ आणि स्वरापुढे ‘वि’ असा झाला. हिंदी ‘भी’ हा ‘अपि’ आणि ‘हि’ यांच्या संयोगातून साधतात. हिंदी ‘ही’ निश्चयार्थकच राहिला आणि त्यामुळे तो मराठी ‘च’च्या जागी बसतो. ‘मलाही हवे’ आणि ‘मुझे ही चाहिए’ ही वाक्ये कानाला सारखी वाटली तरी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिले इतरांना सामावून घेते, दुसरे इतरांना दूर सारते. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना हा फरक न पाळल्यास सबंध वाक्य उलटते. संस्कृत ‘च’ म्हणजे ‘आणि’ आणि मराठी ‘च’ म्हणजे संस्कृत ‘एव’. तेथेही हीच स्थिती आहे. निपातांच्या रूपांचा इतिहास आणि त्यांच्या व्यापाराचा इतिहास हे दोन निराळे इतिहास आहेत.

५

तेव्हा साम्यांची यादी बाजूस ठेवून भेद कोठे आहेत ते पाहू. चार ठिकाणे विशेष बोधप्रद आहेत.

पहिले ठिकाण प्रश्नार्थकाचे. संस्कृत ‘कोऽपि’ म्हणजे कोणी एक, अमुक असे सांगता न येणारा पुरुष. मराठी ‘कोणीही’ याचा तसा अर्थ कधीच होत नाही. ‘कोणीही आला’ असे आपण ‘कोणी एक आला’ या अर्थी म्हणत नाही. ‘कोणीही’ म्हणजे वाटेल तो. कालवाचकांत भेद अधिकच स्पष्ट होतो. तमिळ ‘एप्पोदुम्’ आणि कन्नड ‘यावागलू’ म्हणजे सदैव. मराठी ‘कधीही’ म्हणजे सदैव नव्हे, तर वाटेल त्या वेळी. ‘अवनु यावागलू बरुत्ताने’ या कन्नड वाक्याचा अर्थ ‘तो नेहमी येतो’ असा आहे. त्याचे ‘तो कधीही येतो’ असे शब्दशः मराठी केले तर येणाऱ्याच्या नियमितपणाऐवजी त्याच्या अनियमितपणाची तक्रार होते. संस्कृतात एखादी वस्तू आहे एवढेच सांगणारा अर्थ, द्राविड भाषांत सर्वांना व्यापणारा अर्थ, आणि मराठीत निवड मोकळी ठेवणारा अर्थ. एकाच घटकांच्या जुळणीतून तीन भाषांत तीन फळे निघाली. हिंदीची कथा तर याहून मनोरंजक आहे. ‘कोऽपि’पासून ‘कोई’ झाले आणि त्यातला ‘अपि’ लोकांच्या विस्मरणात गेला. मग वाटेल तो असा अर्थ हवा झाला तेव्हा ‘कोई भी’ म्हणून तोच निपात दुसऱ्यांदा जोडावा लागला. यावरून द्योतकपक्षाची मर्यादाही ध्यानात येते. व्यापार कोणते अर्थ शक्य आहेत ते सांगतो. त्यांपैकी कोणता रूढ व्हावा हे त्या त्या भाषेची रूढी ठरविते. आणि संपर्काचे प्रमाण शोधावयाचे ते या रूढीतच.

दुसरे ठिकाण ‘सर्व’ या शब्दाचे. कन्नडमध्ये ‘सर्व लोक आले’ असे म्हणताना ‘एल्लरू बंदरु’ असे म्हणावे लागते, ‘सर्वांना’ म्हणताना ‘एल्लरिगू’. तेथे ‘-ऊ’ हा शब्दाचा नित्य सहचर आहे. तमिळ ‘एल्लारुम्’ तसेच. मराठीत ‘सर्वही आले’ हा आज रूढ प्रयोग नाही. भर द्यावयाचा झाल्यास आपण ‘सगळेच आले’ म्हणतो, म्हणजे उलट्या व्यापाराचा निपात वापरतो. हिंदी ‘सभी’ हा ‘सब’ आणि निश्चयार्थक ‘ही’ यांपासून झाला आहे. बंगालीत ‘तिघेही’ या अर्थी ‘तिनजनइ’ म्हणताना समुच्चयाचा ‘ओ’ न घेता निश्चयाचा ‘इ’ घेतात. साकल्य दोन रीतींनी व्यक्त करता येते : आतील प्रत्येकाला सामावून, किंवा भोवती कुंपण घालून. मराठी संख्येला पहिली रीत लावते आणि ‘सर्व’ला दुसरी. या ठिकाणी ती दक्षिणेबरोबर नसून उत्तरेबरोबर आहे.

तिसरे ठिकाण साध्या समुच्चयाचे. तमिळमध्ये ‘रामनुम् कण्णनुम्’ हा ‘राम आणि कण्णन’ असे म्हणण्याचा नेहमीचा मार्ग आहे. मराठीत ‘रामही आणि लक्ष्मणही’ म्हटले की दोघांपैकी एकच असावा अशी कोणाची तरी समजूत होती आणि ती आपण दूर करीत आहो, असा ध्वनी उमटतो. नेहमीच्या जोडणीचे काम मराठीत ‘आणि’, ‘व’ यांच्याकडेच राहिले आहे.

चौथे ठिकाण संख्येचे, आणि येथे चित्र पालटते. तमिळमध्ये ‘दोन्ही हातांत’ म्हणताना ‘इरण्डु कैगळिलुम्’ असे म्हणतात. निपात नामाच्या विभक्तीनंतर, अगदी शेवटी येतो. कन्नडमध्ये ‘एरडू कैगळल्लि’. निपात विशेषणरूप संख्येलाच चिकटतो. मराठी ‘दोन्ही हातांत’ हे कन्नडच्या रचनेशी पदशः जुळते. माणसे मोजताना कन्नड ‘इब्बरिगू’, मराठी ‘दोघांनाही’. दोन्हींत विभक्ती आधी, निपात मागाहून. जागांची ही दुहेरी व्यवस्था दोन्ही भाषांत सारखी आहे. हिंदीत मात्र ‘दोनों’, ‘पाँचों’ या रूपांत ‘भी’चा मागमूस नाही, ‘पाँच भी’ म्हणून झाडून पाच असा बोध होत नाही. एवढ्यावरून हे दक्षिणेचे ऋण म्हणून नोंदविण्याची घाई मात्र करू नये. गुजरातीत ‘हुंय’ म्हणजे मीही आणि ‘पांचेय’ म्हणजे पाचही. कोकणीत ‘हांवूय’ आणि ‘दोनूय’. तेव्हा हा विशेष पश्चिम किनाऱ्याच्या आर्यभाषांचा पूर्वापार वारसा असण्याचाही संभव आहे, आणि ‘त्रयोऽपि’ या संस्कृत प्रयोगाने त्या संभवाला बळकटीच येते. कन्नडशी साम्य आहे. ऋण सिद्ध होत नाही.

६

येथवरचा निष्कर्ष नकारात्मक वाटेल. परंतु ‘ही’च्या शेजारी ‘तरी’ उभा आहे, आणि त्याच्याकडे वळताच परिस्थिती बदलते.

मराठी ‘तरी’ची तीन मुख्य कार्ये आहेत. ‘पाऊस आला तरी जाऊ’ यात तो प्रतिकूल परिस्थितीची दखल घेऊन तिला बाजूस सारतो. ‘तू तरी ये’, ‘आता तरी ऐक’ यांत तो किमान अपेक्षा व्यक्त करतो. इतर कोणी नाही आले, निदान तू. ‘कोणीतरी आले’, ‘काहीतरी कर’ यांत तो प्रश्नार्थकाला लागून अनिश्चित व्यक्ती वा वस्तू दर्शवितो. परिस्थिती, अपेक्षा आणि अनिश्चितता ही तीन कार्ये एका अव्ययाकडे असावीत हे उघडच स्वाभाविक नाही. हिंदीत ती तीन ठिकाणी विभागलेली आहेत : पहिल्यासाठी ‘तो भी’ किंवा ‘फिर भी’, दुसऱ्यासाठी ‘तो’ किंवा ‘कम से कम’, तिसऱ्यासाठी केवळ ‘कोई’. संस्कृतातही ‘तथापि’, ‘तावत्’ आणि ‘कश्चित्’ असे तीन निरनिराळे शब्द घ्यावे लागतात.

आता कन्नड पाहावे. ‘बंदरू’ म्हणजे आला तरी. ‘नीनादरू बा’ म्हणजे तू तरी ये. ‘ईगलादरू’ म्हणजे आता तरी. ‘यारादरू’ म्हणजे कोणीतरी. तिन्ही कार्ये एकाच घटकाकडे आहेत. आणि त्याची घडणही स्वच्छ दिसते. ‘आदरे’ म्हणजे ‘झाले तर’. त्याला समुच्चयाचा ‘-ऊ’ लागून ‘आदरू’, म्हणजे ‘झाले तरीही’. ‘यारादरू’ म्हणजे मुळात ‘जो कोणी असला तरी’. तेलुगूत याच घडणीचा ‘ऐना’ आहे : ‘वच्चिना’ म्हणजे आला तरी, ‘नुव्वैना’ म्हणजे तू तरी, ‘एवरैना’ म्हणजे कोणीतरी. तमिळ मात्र येथे वेगळी पडते. ‘वन्दालुम्’ हे परिस्थितीसाठी. पण ‘तू तरी’ म्हणताना ‘नीयावदु’ आणि ‘कोणीतरी’ म्हणताना ‘यारावदु’. म्हणजे तीन कार्यांतील एक ‘-उम्’कडे, दोन ‘आवदु’कडे. तिन्ही कार्ये एकत्र बांधणारी रूढी कन्नड, तेलुगू आणि मराठी या दख्खनच्या शेजारी भाषांत आहे. उत्तरेस हिंदीत ती नाही आणि दक्षिणेस तमिळमध्ये ती विभागलेली आहे.

हे साम्य ‘ही’च्या साम्याहून वेगळ्या जातीचे आहे. ते एका साध्या व्यापारातून आपोआप निघणारे नाही. त्याचा भौगोलिक विस्तार मर्यादित व सलग आहे. आणि ज्या भाषांशी मराठीचे कुल एक आहे त्यांपैकी हिंदीसारख्या मोठ्या भाषेत ते नाही. संपर्काच्या प्रमाणाला जी लक्षणे असावी लागतात, ती येथे आहेत.

तरीही एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘तर’ला ‘ही’ लागून ‘तरी’ झाला आणि म्हणून तो ‘आदरे’ला ‘-ऊ’ लागून झालेल्या ‘आदरू’चा हुबेहूब अनुवाद होय, असे म्हणणे आकर्षक वाटते. पण तसे म्हणता येत नाही. ‘तरी’ हे संस्कृत ‘तर्हि’पासून सरळ आलेले रूप आहे, आणि १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त ‘तरी’ हा साध्या ‘तर’च्या अर्थी विपुल येतो. पुढे ‘तर’ आणि ‘तरी’ अशी दोन रूपे स्थिर होऊन त्यांत कार्याची विभागणी झाली : अनुकूल अटीसाठी ‘तर’, प्रतिकूल परिस्थितीसाठी ‘तरी’. ‘बंदरे’ आणि ‘बंदरू’ यांत कन्नडने जो भेद प्रत्ययाने साधला, तोच मराठीने आपल्याच जवळच्या दोन रूपांना निरनिराळी कामे देऊन साधला. शब्द घेतला नाही, प्रत्यय घेतला नाही. कामांची वाटणी मात्र शेजारणीच्या घरासारखी केली. द्रव्य आर्यभाषेचे आणि घडण दख्खनची, असे या अव्ययाचे वर्णन करता येईल.

७

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. निपाताच्या कोशातील नोंदीत अर्थांच्या यादीआधी त्याचा व्यापार आणि त्याच्या जागा यांचा निर्देश असावा. ‘पाचही मुलांना’ आणि ‘पाच मुलांनाही’ यांसारखी जोडवाक्ये दहा पर्यायांपेक्षा अधिक सांगून जातात. दुसरे, संपर्काचे प्रमाण म्हणून अर्थसंचाचे साम्य पुढे करण्यापूर्वी तोच संच दूरच्या, असंबद्ध भाषेत आढळतो की काय हे तपासावे. ‘अपि’ आणि ‘-उम्’ यांच्या तुलनेत जपानी ‘मो’ची साक्ष काढल्यावाचून निर्णय देणे योग्य नव्हे. तिसरे, मराठीला दक्षिणेची वा उत्तरेची म्हणून एकदम एका पारड्यात टाकू नये. ‘सगळेच’मध्ये ती हिंदी-बंगालीबरोबर आहे, ‘दोन्ही हातांत’मध्ये गुजरातीबरोबरही आहे आणि कन्नडबरोबरही आहे, ‘कधीही’मध्ये ती संस्कृत व कन्नड या दोहोंपासून निराळी आहे, आणि ‘कोणीतरी’मध्ये ती निःसंशय दख्खनची आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे यातून एक निश्चित काम उभे राहते. ‘लीळाचरित्रा’पासून बखरींपर्यंतच्या गद्यात ‘तरी’ची तीन कार्ये कोणत्या क्रमाने प्रकट होतात, आणि जुन्या कन्नड गद्यात ‘आदरू’ची तीच कार्ये कोणत्या क्रमाने येतात, याची नोंद प्रयोगागणिक केली पाहिजे. क्रम जुळला तर वर मांडलेला पक्ष बळकट होईल, न जुळल्यास तो मागे घ्यावा लागेल. मराठीच्या उगमाविषयीचे मोठे सिद्धान्त अशा लहान अव्ययांच्या कसोटीवर उतरले पाहिजेत. कारण नामे व क्रियापदे भाषा सहज उसनी घेते, परंतु कोणते काम कोणत्या अव्ययाने करावे ही रूढी दोन समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी बोलत राहिल्यावाचून एका भाषेतून दुसरीत जात नाही.